गायडन्स घेतलास का?

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमपुस्तकात समोरच्याला मारण्याचे जितके मार्ग दिले आहेत तितके त्याला जेवू घालण्याचे नाहीत. आगीचा गोळा फेका, विजेचा लोळ सोडा, विषारी ढग पसरवा, सगळ्याची सोय आहे. कशाला किती फासे टाकायचे तेही बिनचूक छापलेलं आहे. पण पाच जण आठवडाभर रानातून चालत गेले तर त्यांनी खाल्लं काय, निजले कुठे आणि ओले मोजे कशावर वाळत घातले, याची चौकशी नियमांनी उभ्या उभ्याच केली आहे. त्यात नवल काही नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाहेर पडला, तो टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या मंडळींच्या हातून. शिशाच्या सैनिकाला भूक लागत नाही. उभा केला तिथे तो उभा राहतो आणि आडवा झाला की डब्यात जातो.

पुढे त्या सैनिकाकडे बोट दाखवून खेळणारा ‘हा मी’ म्हणायला लागला आणि सगळी भानगड सुरू झाली. ‘मी’ म्हटलं की भूक आली, झोप आली, कुलूप लावलेलं दार आलं, दारामागचा खडूस जहागीरदार आला आणि त्याच्याशी गोड बोलणं आलं. म्हणजे लढाई सोडून उरलेलं आयुष्य आलं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण डीएम होतो. सगळं जग त्याच्या डोक्यात असतं. बाकीचे एकेक पात्र घेतात. डीएम विचारतो, “समोर दार आहे. काय करतोस?” आपण म्हणतो, “ढकलतो.” मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या अंगचं कसब मिळवायचं आणि बेरीज पुरेशी झाली तर दार उघडतं. नाही झाली तर दार बंदच राहतं, शिवाय आतल्यांना आपण आल्याचं कळतं. आमचा अड्डा कोथरूडला, डीएमच्या घरी, रविवारी दुपारी. आमची डीएम ही एरवी अत्यंत मायाळू मुलगी आहे. मी बार्ड आहे, म्हणजे गाणारा आणि गोड बोलणारा. आमचा क्लेरिक देवाच्या नावाने जखमा भरतो आणि आठवडाभर लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. रेंजर रानावनाचा जाणता आहे. कोथरूडहून हडपसरला जाताना मात्र त्याला मोबाइलवर नकाशा लावावा लागतो.

या खेळात वेळेचा हिशेब उलटा चालतो. लढाईतला एक राउंड सहा सेकंदांचा. चार राउंडांची मारामारी म्हणजे चोवीस सेकंद. ती खेळायला जेवणानंतर बसलं तर चहाची वेळ होते. उलट तीन आठवड्यांचा प्रवास डीएम एका दमात संपवते, “बरं, पोचलात तुम्ही.” चोवीस सेकंदांना दोन तास आणि तीन आठवड्यांना तीन शब्द! ज्या बिचाऱ्याने आपल्या पात्राला वाट काढणं, शिकार करणं, तंबू ठोकणं असलं काही शिकवून ठेवलेलं असतं त्याची सगळी कारकीर्द त्या तीन शब्दांत उरकते.

लढाईबाहेर उपयोगी पडणाऱ्या या सगळ्या विद्यांना सपोर्ट म्हणतात, आणि खेळ लिहिणारे लोक गेली पन्नास वर्षं त्यांचं माप बसवण्याच्या खटपटीत आहेत. तलवारीचं माप सोपं असतं. आठ बाजूंच्या फाशाची तलवार बारा बाजूंच्या कुऱ्हाडीपेक्षा कमी मारते, म्हणून तिच्याबरोबर दुसऱ्या हातात ढाल येऊ द्यायची, झालं. पण ‘भाषा समजणे’ हे ‘दोर चढणे’पेक्षा किती जड? ते समोर शिलालेख येतो की कडा, यावर ठरतं. आणि समोर काय यायचं ते डीएमने शनिवारी रात्री किती जागरण केलं यावर ठरतं.

आता गायडन्सचंच बघा. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला हा क्लेरिकचा अगदी किरकोळ मंत्र. एखाद्याला स्पर्श करायचा, मग मिनिटभरात तो जो काही प्रयत्न करेल त्यात चार बाजूंच्या फाशाचा आकडा मिळवायचा. मंत्र फुकट. दिवसातून कितीही वेळा म्हणा, खर्च शून्य. चार बाजूंच्या फाशाची सरासरी अडीच. त्या अडीच गुणांनी आमच्या टेबलावर जो धुमाकूळ घातला तो एकाही ड्रॅगनला जमलेला नाही.

प्रसंग राजदरबाराचा. खिंड ओलांडायला परवानगी हवी होती आणि बोलायचं काम अर्थातच माझं.

“महाराज,” मी उठून उभा राहत सुरुवात केली, “आपल्या पूर्वजांनी या खिंडीचं रक्षण...”

“गायडन्स!” क्लेरिक ओरडला.

“अरे थांब, वाक्य तरी पुरं करू दे.”

“वाक्य पुरं झालं की ती रोल मागते. आधी घे.”

डीएमने चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्याकडे हे वादळाचं लक्षण आहे. “तू दरबारात उभा आहेस,” ती क्लेरिकला म्हणाली. “पुढे बार्ड बोलतोय. मागून तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटतोस. मंत्राला शब्द लागतात, हातवारे लागतात. दोन्ही बाजूंना भालेवाले उभे आहेत. त्यांना काय वाटेल?”

“माणूस धार्मिक आहे असं वाटेल.”

“राजावर चेटूक चाललंय असं वाटेल.”

“मग हळूच पुटपुटतो.”

“किती हळू?”

“कोणाला ऐकू जाणार नाही इतकं. वाटल्यास त्यासाठी स्टेल्थचा रोल करतो.” क्लेरिक जरा थांबला. “त्याच्यावर गायडन्स घेतो.”

राजा बाजूला राहिला आणि पुढचा अर्धा तास फुकट गोष्टीची किंमत काय, या प्रश्नावर गेला. माझ्या मते या विषयातली सगळी मेख तिथेच आहे. लढाईत मदत कधी फुकट नसते. तिथे प्रत्येकाला पाळी असते. आपल्या पाळीला दुसऱ्याची जखम बांधायची तर तलवार चालवता येत नाही. मदतीची किंमत त्या गमावलेल्या पाळीत वसूल होते. लढाई संपली की पाळ्या संपतात. मग मदत करायला काय जातंय? क्लेरिक मंत्र म्हणतच सुटतो. तो म्हणतो म्हणून आपणही विचारल्याशिवाय काही करत नाही. आमचा चोर जिना उतरायच्या आधी मागे वळून बघायला लागला तेव्हा डीएमने कपाळावर हात मारून घेतला.

मूळच्या खेळात असं होत नसे, कारण तिथे घड्याळ होतं. भुयारात शिरल्यावर लढाई नसतानाही दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या मोजत. प्रत्येक पाळीच्या शेवटी पंच सहा बाजूंचा फासा टाकायचा, आणि सहा पडला की अंधारातून कोणीतरी फिरत फिरत यायचं. ते सहसा चौकशीला आलेलं नसे. मशाल तासाभरात विझायची. त्यामुळे भिंत तपासायची, कुलूप उघडायचं, जखमा बांधत बसायचं, यातली प्रत्येक गोष्ट मशालीतून वजा व्हायची. ज्याच्याकडे जास्त मशाली त्याला मान होता. आता पाचव्या आवृत्तीत उजेड पाडण्याचा मंत्रही फुकट आहे, आणि अर्ध्याअधिक जातीजमातींना अंधारात दिसतंच. बुटक्यांना दिसतं, एल्फांना दिसतं, टीफलिंगांना दिसतं. धडपडतो तो बिचारा माणूस. मशालींचा सगळा धंदा बसला आणि त्याबरोबर घड्याळही बंद पडलं.

फुकटपणा हा एक रोग झाला. दुसरा त्याहून वाईट आहे, कारण तो औषधासारखा दिसतो. त्यात विद्या इतकी गुणकारी असते की जे दुखणं बरं करायचं ते आयुष्यात पुन्हा उद्भवतच नाही.

आमच्या डीएमने एकदा एक अरण्य रचलं. कागदावर षटकोनी घरं पाडून नकाशा केला, कुठे दलदल, कुठे धुकं, कुठे पडका पूल. वाट चुकली तर कुठे जाऊन पोचाल त्याची वेगळी वही. सेशन सुरू झालं. “तुमच्यापुढे दाट अरण्य पसरलेलं आहे,” ती म्हणाली, आणि आवाज तिने खास खाली आणला होता.

“अरण्य ना?” रेंजर म्हणाला. “माझं आवडतं क्षेत्र अरण्यच आहे.”

२०१४च्या पुस्तकात रेंजरला आपला एक भूप्रदेश निवडता येतो. तिथे जादू आड आली नाही तर त्याची टोळी वाट चुकतच नाही. अवघड जमिनीने चाल मंदावत नाही, आणि खाणं शोधायला गेला तर दुप्पट मिळतं. डीएमने वही मिटली. “बरं, पोचलात तुम्ही.” रेंजरच्या आयुष्यातला हा सर्वोच्च क्षण होता आणि त्यात घडलं काय, तर काहीच नाही. रानावर ज्याचा जीव आहे त्या पात्रामुळेच रान खेळायचं राहून गेलं. त्याने वाळवंट निवडलं असतं तर आम्ही त्या अरण्यात महिनाभर सुखाने भटकलो असतो.

भुकेचा काटा असाच ड्रुइडने काढला. गुडबेरी हा पहिल्या पायरीचा मंत्र. हातात दहा बेरी प्रकट होतात. एक खाल्ली की एक गुण जखम भरते आणि दिवसभराचं पोट भरतं. दुष्काळ, वेढा, वाट चुकलेली गलबतं, उपाशी निर्वासित, सगळ्या कथानकांवर दहा बोरांएवढ्या फळांत पडदा. त्या बेरींवर आमच्याकडे खरी चर्चा झाली ती एकदाच. त्या रविवारी संकष्टी होती आणि आमच्या फायटरचा उपास होता. तो म्हणाला, माझं पात्रही उपास धरणारं आहे, तर गुडबेरी उपासाला चालते का? ड्रुइडचं म्हणणं, फळ आहे, चालणारच. चोराचं म्हणणं, जे खाऊन दिवसभराचं जेवण होतं ते खाल्ल्यावर उपास राहिलाच कुठे? क्लेरिक म्हणाला, ती मंत्राने केलेली आहे, म्हणजे शिजवल्यासारखीच. प्रकरण डीएमकडे गेलं. तिने ते स्वयंपाकघराकडे पाठवलं. साबुदाण्याची खिचडी परतता परतता काकूंनी निकाल दिला, “फळ आहे ना? मग चालतं. पण एकच खायचं, आणि ते चंद्र उगवायच्या आत मोजायचं नाही.” त्या निकालाचा अर्थ अजून आम्हाला लागलेला नाही, पण तो पाळला जातो.

झोपेचा बंदोबस्त विझार्डकडे असतो. लिओमंड नावाच्या जादूगाराच्या नावाने एक झोपडी मिळते. दहा फूट त्रिज्येचा घुमट, आत नऊ जण, आठ तास, बाहेरचं काही आत येत नाही. हवासुद्धा सुखावह. विधी म्हणून सावकाश केला तर त्यालाही मंत्राचा साठा खर्च होत नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. डीएमने रात्रीच्या हल्ल्यासाठी आणलेले लांडगे घुमटाभोवती बसून राहतात आणि आतून आम्ही त्यांना नावं ठेवतो. शेवटी डीएमने सूड घेतला तो नियमात राहूनच. आठ तास एकाच जागी उजेडात दिसणारा घुमट उभा असेल तर शत्रू ते आठ तास काय करेल? सकाळी घुमट विरला तेव्हा भोवती खंदक खणून झाला होता, तटबंदी झाली होती, आणि गॉब्लिनांनी चुली मांडून न्याहारीही उरकली होती. त्या रात्रीपासून विझार्ड झोपायच्या आधी बाहेर कोण आहे ते विचारतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला काही मंत्र इतके लाजरे आहेत की ते लिहिणाऱ्याला कोणी ओरडलं होतं का, अशी शंका येते. सापळे शोधण्याचा एक मंत्र आहे, फाइंड ट्रॅप्स. दुसऱ्या पायरीचा, म्हणजे गुडबेरीपेक्षा महाग. तो म्हटला की १२० फुटांच्या आत, नजरेच्या टप्प्यात, सापळा आहे की नाही एवढं जाणवतं आणि धोका साधारण कोणत्या प्रकारचा ते कळतं. सापळा नेमका कुठे आहे ते तो सांगत नाही. डीएमने रचलेल्या भुयारात कुठेतरी सापळा आहे, हे कळायला मंत्र कशाला हवा? तिचा चेहरा बघितला की पुरतं.

मग नेमकी किंमत लावायची कशी? मला सर्वांत आवडलेलं उत्तर कुलुपाच्या बाबतीतलं आहे. कुलूप उघडणारा नॉक हा मंत्र १९७४च्या पहिल्या पुस्तकातच होता. चोर हे पात्र आलं त्याच्या पुढच्या वर्षी, ग्रेहॉक या पुरवणीत. म्हणजे कुलुपाच्या कारागिराचा जन्म व्हायच्या आधीच त्याच्या धंद्यात यंत्र आलेलं होतं. कित्येक वर्षं चोर तारा घालून, घाम गाळून, फासा पडला तर कुलूप उघडायचा, आणि मागून विझार्ड जांभई देत म्हणायचा, “मी उघडू का?” पाचव्या आवृत्तीने या मंत्राला एक अट घातली. कुलूप उघडतं, पण ‘ठक्’ असा आवाज होतो आणि तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. मंत्राची ताकद कमी केलेली नाही. चोराला बोनस दिलेला नाही. नुसता आवाज ठेवला. आता किल्ल्यात शिरताना सगळे चोराकडे बघतात. आणि भिंत कोसळत असली, मागे ट्रोल लागला असला की सगळे विझार्डकडे बघतात. दोघांनाही काम आहे आणि दोघांनाही आपला दिवस आहे.

पैशाची किंमत मात्र चालत नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने लढाईबाहेरचे बरेचसे मंत्र वेगळे काढून त्यांचे विधी केले. विधीला वेळ लागणार आणि साहित्याला सोन्याची नाणी मोजावी लागणार. कागदावर हिशेब चोख होता. पण तेच सोनं जादूच्या तलवारीलाही लागतं. त्यामुळे दार उघडायला नाणी खर्च करण्यापेक्षा आमच्यासारखी माणसं दारच फोडत. साठवलेल्या पैशातून कोणी दुसऱ्याच्या सोयीचं काही घेत नाही, हे ज्यांनी टेबलाभोवती वडापावचे पैसे गोळा केले आहेत त्यांना आधीच माहीत होतं.

पाथफाइंडर या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन खिसेच वेगळे शिवले. लढाईतल्या करामती वेगळ्या खिशातून निवडायच्या, कौशल्याच्या वेगळ्या. म्हणजे चांगला वैद्य व्हायचं म्हणून वाईट योद्धा व्हावं लागत नाही. तिथे जखम बांधायला दहा मिनिटं लागतात आणि एकदा बांधली की त्या रुग्णावर तासभर पुन्हा तो उपाय चालत नाही. पुन्हा घड्याळ आलं. ‘ब्लेड्स इन द डार्क’ या २०१७च्या खेळात तर दुसऱ्याला मदत केली की मदत करणाऱ्याला एक गुण ताण येतो. सगळ्यांना घेऊन एखादं काम करायचं ठरवलं तर पुढारी होणाऱ्याला, जे जे नापास होतील त्या प्रत्येकामागे एक ताण. लेखक जॉन हार्पर यांनी कधीतरी गृहनिर्माण सोसायटीचं काम बघितलेलं असावं असा माझा संशय आहे.

अर्थात प्रत्येक किंमत घाम काढणारीच हवी असं नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये लग्नसुद्धा सपोर्टमध्ये येतं. सेरेमनी या मंत्राने दोघांचं लग्न लावलं तर पुढचे सात दिवस, एकमेकांपासून तीस फुटांच्या आत असेपर्यंत, दोघांच्याही बचावात दोन गुणांची भर पडते. हे वाचल्याबरोबर आमच्या फायटरने आणि चोराने ड्रॅगनवर चालून जाण्याआधी लग्न करायचा बेत केला होता. पण लिहिणारे आमचे बाप निघाले. त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय, की हा लाभ पुन्हा मिळायचा तर आधी जोडीदार मरायला हवा. आणि सातच दिवस का, याचं स्पष्टीकरण पुस्तकात नाही. टेबलावरच्या विवाहितांपैकी कोणी मागितलंही नाही.

पण नुसती किंमत लावून भागत नाही असं माझं मत झालं आहे. सपोर्ट खेळणाऱ्याला कमी पडतं ते वेगळंच. लग्नघरात कोठीची किल्ली ज्या आत्याच्या कमरेला असते तिची आठवण पंगत उठेपर्यंत कोणाला होत नाही. साखर संपली की मात्र तिच्या नावाने हाका सुरू होतात. क्लेरिकचं तसंच आहे. त्याचा जन्मच दुसऱ्याची खोड मोडायला झाला. आर्नेसनच्या ब्लॅकमूर नावाच्या खेळात सर फँग नावाचा एक रक्तपिपासू शिरजोर झाला, त्याला आवरायला म्हणून पहिला क्लेरिक तयार केला गेला. तेव्हापासून दर नव्या टोळीत पहिलं वाक्य ठरलेलं, “कोणीतरी क्लेरिक घ्या रे.” त्या वाक्यात ‘मी’ कधीच नसतो.

लढाईत पाळीला जशी किंमत असते तसंच तिला व्यासपीठही असतं. आपली पाळी आली की सगळे आपल्याकडे बघतात. त्या वेळी शांतपणे फुसका बाण मारला तरी तो आपला असतो. लढाईबाहेर पाळी नाही म्हणजे व्यासपीठही नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं राज्य. माझ्यासारखा बार्ड राजाशी बोलत राहतो आणि क्लेरिकच्या वाट्याला मागून ओरडण्यापुरता एक शब्द येतो. तो तीस वेळा ओरडतो यात त्याचा दोष नाही. तेवढाच शब्द त्याच्याकडे होता.

सर्वांत भीषण अवस्था फायटरची. २०१४च्या पुस्तकात त्याला लढाईबाहेर करण्यासारखं जवळपास काही नव्हतं. शेवटचा गॉब्लिन पडला की आमचा फायटर मोबाइल काढायचा. पुढच्या लढाईची चाहूल लागली की आम्ही त्याला हलवून जागं करायचो. २०२४च्या नव्या पुस्तकाने त्याची दखल घेतली. लढाईत दम धरण्याची त्याची जी शक्ती आहे ती खर्चून आता फसलेल्या प्रयत्नात दहा बाजूंचा फासा मिळवता येतो, आणि तरीही जमलं नाही तर ती शक्ती खर्च होत नाही. गायडन्सलाही वेसण घातली आहे. आता कोणत्या कौशल्यासाठी मदत हवी ते मंत्र म्हणतानाच सांगावं लागतं. रेंजरला अरण्यातून बाहेर काढून नव्याने घडवलं आहे. आणि विश्रांतीच्या वेळी गाऊन सगळ्यांच्या जखमा सहा बाजूंच्या फाशाने जास्त भरायच्या, ही आम्हा बार्डांची विद्या मात्र सरळ काढून टाकली आहे. त्याबद्दल मी इथे काही बोलणार नाही. सुज्ञांनी समजून घ्यावं.

पुस्तकाची वाट न पाहता आमच्या डीएमने आपले काही कायदे केले. गायडन्सचा मंत्र पात्राने नव्हे, खेळणाऱ्याने म्हणायचा. मोठ्याने, आणि एकदा म्हटलेला पुन्हा नाही. पहिल्या सेशनला क्लेरिकचे मंत्र चारात आटपले. पुढच्या वेळी तो लिहून घेऊन आला. त्याच्या देवाला आता सासुरवाडी आहे, वाहन आहे, आणि उधारीचा तिटकारा आहे. चोर कुलुपाला हात लावतो तेव्हा आम्ही सगळे थांबतो आणि क्लेरिक दोन ओळींचा आशीर्वाद देतो. कित्येकदा हसण्याच्या नादात तो चार बाजूंचा फासा टाकायचा राहून जातो आणि कोणी तक्रार करत नाही. रेंजरचा कायदा वेगळा. तो वाट चुकत नाहीच, पण दर वेळी डीएम त्याला एकट्याला तीन वाटा सांगते. एक लांबची, एक धोक्याची, एक जिच्यावर कोणाच्या तरी पावलांच्या खुणा आहेत. निवड त्याची आणि शिव्याही त्याला. आता आम्ही एका अरण्यात कित्येक रविवार अडकून पडलो आहोत आणि तो कमालीचा खूश आहे. हडपसरलाही म्हणे हल्ली नकाशा न लावता जातो. अजून एकदाही वेळेवर पोचलेला नाही.

फायटरने स्वतःच मार्ग काढला. शेफ नावाचं एक फीट, म्हणजे पात्राला घेता येणारं खास कसब, आहे. ते घेतलं की विश्रांतीच्या वेळी स्वयंपाक करून निदान सहा जणांना वाढता येतं, आणि त्या मुक्कामी जखमा भरताना खाणाऱ्याला आठ बाजूंच्या फाशाची भर मिळते. माझं गाणं सहाच्या फाशाचं होतं. याचा रस्सा आठचा. असो. डीएमची अट एकच, शिजवलंस काय ते सांगायचं, आणि सामान वाटेत मिळालेलंच हवं. आम्ही नुकतंच एक आउलबेअर मारलं होतं. अर्धं घुबड आणि अर्धं अस्वल असलेला हा प्राणी ग्रेहॉकमधलाच. गायगॅक्स यांना तो प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून सुचला होता. तो शिजवून खायचा प्रसंग येईल याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

“रस्सा करतो,” फायटर म्हणाला. “तांबडा आणि पांढरा, दोन्ही.”

“आधी हे सांग, ते चिकन धरायचं की मटण?” चोराने विचारलं.

“पिसं आहेत म्हणजे चिकन,” ड्रुइड म्हणाला.

“चार पायांवर चालतं. पंख कुठे आहेत? मटण,” फायटर ठामपणे म्हणाला. “शिजायला किती वेळ लागेल ते त्यावर ठरतं. तासाभराची विश्रांती आहे. मटण असेल तर कुकर लागेल.”

“कुकर नाहीये,” डीएम म्हणाली.

“मग कच्ची पपई शोधायला लागेल. रेंजर, तुझ्या तीन वाटांपैकी पपई कुठल्या वाटेवर आहे?”

रेंजर उठला, फासा हातात घेतला, आणि अख्खं टेबल क्लेरिककडे वळलं. क्लेरिकने खिशातून कागद काढला. ज्या फायटरला आम्ही आजवर हलवून जागं करत आलो तो पुढचा पाऊण तास एकटा बोलत होता, खडा मसाला गुहेत कुठे सापडेल इथपासून हाडांचं काय करायचं इथपर्यंत. त्याला फासा टाकायची आठवण कोणी केली नाही. मीही नाही, आणि तिथे माझ्या विद्येचा हिशेब बाकी असताना हे विशेष आहे. पांढऱ्या रश्श्याला नारळ कुठून आणायचा हा प्रश्न मात्र त्या दिवशी सुटला नाही. दरीच्या पलीकडे समुद्र आहे, पण मध्ये दोन ट्रोल आहेत. पुढच्या रविवारी ती लढाई जरा झटपट आटपून घ्यायची, असं सर्वानुमते ठरलं आहे.